भिंतीवरची सोंड

"माझ्या नजरेतून आजवर काही सुटलेलं नाही. गुन्हेगार माझ्यासमोर उभा राहिला की त्याची बोबडी वळते. साक्षीदाराला मी नुसतं 'हं' म्हटलं तरी तो भडाभडा बोलायला लागतो. माझ्यासारखा मेंदू या व्यवसायात दुसरा नाही, आणि असलाच तर तो मला घाबरून गप्प बसला असेल."

हे उद्गार आमच्या साडूंचे, स्वतःविषयी. ते काढले तेव्हा साडू माझ्या दुकानातल्या उंच स्टुलावर, नाकावर डोळे तपासायची जड चौकट लावून बसले होते, आणि समोरच्या तक्त्यावरची शेवटून दुसरी ओळ त्यांनी नुकतीच "तिथे मुंग्या झाल्यात, पुसून घ्या" असं म्हणून निकालात काढली होती. माझं चष्म्यांचं दुकान आहे. त्यांच्या नजरेतून काय काय सुटतं हे माझ्याइतकं नेमकं कुणालाच माहीत नाही. पण बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा म्हटल्यावर माणसाने तोंडाला कुलूप लावायचं असतं, तसं मी ते लावलेलं आहे.

साडू पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासायला होते. निवृत्त झाल्यावर ते दिवसभर घरात बसून बायकोला, म्हणजे आमच्या ताईंना, भाजी कशी चिरावी ते सांगायला लागले, तेव्हा ताईंनीच त्यांना बाहेर काहीतरी उद्योग बघा म्हणून सुनावलं. यांनी बघितलेला उद्योग म्हणजे गुप्तहेरगिरी. कुठल्या नळाला कुठे गळती आहे हे हुडकण्यात हयात गेली, आता तीच नजर माणसांवर वळवायची, असा त्यांचा एकंदर विचार. माझ्याच दुकानातून "जरा बघून देतो" म्हणून नेलेलं एक मोठं भिंग ते कायम खिशात बाळगतात, म्हणून नातेवाइकांत त्यांचं नाव 'भिंग' पडलंय. त्यांना तो किताब वाटतो. आणि मी त्यांचा मदतनीस. ही नेमणूक कुणी केली आणि मला विचारलं होतं का, असले प्रश्न मी आता काढत नाही.

तर ती मुंग्यांची ओळ पुसायचं सोंग मी करत होतो, तेवढ्यात आमची मुलगी दुकानात आली. हिचं घरातलं नाव चिमणी. ती नाटकांना प्रकाशयोजना करते, म्हणजे रंगमंचावर कुठला दिवा कधी लावायचा, किती मंद करायचा हे ठरवते, आणि प्रेक्षागृहाच्या पार मागच्या काचेच्या खोलीत बसून त्या दिव्यांचे दांडे स्वतः वरखाली करते. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबली. हे पहिलं नाटक सर्वस्वी तिचं होतं. ती आली, बाकावर बसली, आणि म्हणाली, "बाबा, मला बहुतेक काढून टाकणार."

माझ्या हातून एक काच पडली. साडूंनी लगेच भिंग काढून तुकड्यांची पाहणी सुरू केली.

चिमणीने सांगितलं ते असं. नाटक रहस्यमय आहे, निदान जाहिरातीत तसं छापलंय. दिग्दर्शकानेच लिहिलंय, आणि या गृहस्थाला शब्दांची भारी हौस. त्याची पात्रं खून करताना बोलतात, खून झाल्यावर बोलतात, प्रेताच्या वाट्यालाही एक स्वगत आहे. या सगळ्या बडबडीतून चिमणीने भांडून भांडून एक प्रसंग गप्प करून घेतला होता. त्यात एक विधवा बाई खोलीत एकटी बसलेली असते. मूळ नाटकात ती इथे 'मला भीती वाटते' हे एवढंच पानभर, निरनिराळ्या शब्दांत सांगायची. चिमणी म्हणाली, तिला काही बोलायला लावू नका, भीती वाटायला लावणं माझं काम.

"आधी खोलीतला उजेड कमी होतो," ती मला सांगत होती आणि सांगताना तिचे हात आपोआप दांडे ओढल्यासारखे खाली येत होते. "पण इतका सावकाश, की कमी होतोय हे कळत नाही. बघणाऱ्याला नुसतं वाटतं, आपण जरा पुढे झुकून बसलोय. मग कोपरे जातात. मग कपाट जातं. मग बाईचा चेहरा तेवढा राहतो, आणि मग तोही जातो. शेवटी मागच्या बंद दाराखाली उजेडाची एक बारीक फट उरते. बाकी मिट्ट काळोख. सगळे त्या फटीकडे बघत बसतात. आणि बघता बघता त्या फटीत दोन काळे डाग येऊन थांबतात. दाराबाहेर कुणीतरी उभं आहे."

भर दुपारी, दुकानात, माझ्या अंगावर काटा आला.

"आणि नेमकं तेव्हाच," चिमणी म्हणाली, "भिंतीवर हत्ती येतो."

म्हणजे असं व्हायचं की उजव्या बाजूने एकदम पांढरा उजेड आत घुसायचा आणि डावीकडच्या भिंतीवर ही एवढी थोरली सावली पडायची. पाठीवर मोठी अंबारी, पुढे वाकडी सोंड. ती सोंड जरा डोलायची, आणि पुन्हा सगळं गडप. तालमीला आलेली माणसं खो खो हसायची. तिने इतक्या जिवाने बांधलेल्या भीतीचा चिवडा व्हायचा. तिने पहिल्याच दिवशी दिग्दर्शकाला सांगितलं होतं की हा उजेड माझा नाही, माझे सगळे दांडे तेव्हा खाली असतात, उजवीकडून काहीतरी येतंय, बघा. त्यावर तो म्हणाला होता, "हे बघ, नाटकात उजेड म्हणजे तू. उद्या सूर्य उगवला तरी मी तुलाच जाब विचारणार."

ती स्वतः जाऊन बघणार तर तिची खोली प्रेक्षागृहाच्या दुसऱ्या टोकाला, आणि दोन्ही हात दांड्यांवर अडकलेले. प्रसंग संपवून धावत रंगमंचामागे पोचावं, तर तिथे सगळं शांत. सगळे म्हणायचे, इथे काहीच झालं नाही. आता दिग्दर्शकाने शेवटचं बजावलं होतं. रंगीत तालमीत पुन्हा हत्ती आला, तर तो प्रसंग भरउजेडात होणार, बाईला तिचं पानभर भाषण परत मिळणार, आणि चिमणीच्या जागी तिच्या आधीचा माणूस परत येणार. या माणसाला सगळे 'झगमग' म्हणतात. दिवा लावलेला असतो किंवा विझवलेला असतो, यापलीकडे प्रकाशाविषयी त्याला काही सुचत नाही.

साडूंनी नाकावरची चौकट काढली आणि स्टुलावरून उतरताना एक पायरी चुकवली. "हत्ती," ते स्वतःला सावरत म्हणाले. "म्हणजे प्रकरण मोठं आहे. मदतनीस, दुकान बंद करा."

मी बंद केलं. साडूंवर भरवसा होता म्हणून नाही. पोरगी बाकावर बसून काचेचे तुकडे गोळा करत होती आणि तिला काय बोलावं हे मला सुचत नव्हतं, म्हणून.

थिएटरच्या मागच्या आवारात ऊन नुसतं मी म्हणत होतं. तिथून उजव्या विंगेच्या जाड लोखंडी दाराने आत गेलं की एकदम काळोख, रंगाचा आणि खळीचा वास, दोऱ्या, आणि जिथे तिथे बसलेली माणसं. दिग्दर्शकाने आमचं स्वागत भाषणाने केलं. त्यात शिस्तीचा मोठा वाटा होता. "आमच्याकडे संवाद चालू असताना हे दार उघडत नाही," तो म्हणाला. "एकदा माझ्या नायकाच्या भाषणात मधेच दार करकरलं होतं. मी असा ओरडलो, की तेव्हापासून पालसुद्धा वाक्य संपायची वाट बघते." साडूंनी मान डोलावली. त्यांना शिस्त फार आवडते, दुसऱ्यांची.

मग साक्षी सुरू झाल्या. पहिला झगमग. नाटकातून काढल्यावरही हा रोज तालमीला यायचा, कारण घरी करमत नाही. साडूंनी त्याच्या बाहीला लागलेली खळ भिंगातून पाहिली आणि तिथल्या तिथे पहिला सिद्धांत मांडला की याने पुठ्ठ्याचा हत्ती कापून दिव्यापुढे धरला. झगमग म्हणाला, "मी? अहो, त्या वेळी मी विंगेत चहा पीत होतो. आणि पुठ्ठ्याचा हत्ती मला कापता आला असता, तर मी नेपथ्यात गेलो नसतो का?"

दुसरा खलनायक. दाराखालच्या फटीतले दोन डाग म्हणजे याचेच पाय. गडी मनाने गरीब, पण नाक मात्र विलक्षण लांब. साडूंना ते नाक बघून भरून आलं. सिद्धांत दुसरा, हत्तीची सोंड म्हणजे या माणसाचं नाक. त्यांनी खिशातून टेप काढून मोजायला घेतलं. खलनायक बराच वेळ सहन करत होता, शेवटी म्हणाला की या नाकावर मला आजवर सगळी कामं मिळाली, त्याला हात लावायचा नाही. शिवाय त्या वेळी तो दारामागे अगदी स्तब्ध उभा असतो, कारण हातात चहाचा ग्लास असतो आणि हललं की सांडतो.

तिसरी नायिका, म्हणजे ती विधवा. हेतूच्या बाबतीत हिची बाजू फारच कच्ची होती. प्रसंग बिघडला तर हिचं पानभर भाषण परत मिळणार होतं, आणि आपल्याला ते हवंय हे तिने लपवलंही नाही. "मी काळोखात दाराकडे बघत बसलेली असते," ती म्हणाली. "मागे काय होतं मला काय ठाऊक? सगळे विंगेत मजेत गरम चहा पितात. माझा मात्र बाहेर येईपर्यंत गार झालेला असतो. याचा तपास करा की जरा." साडूंनी मला हळूच सांगितलं की ही बाई मुद्दाम विषय भलतीकडे नेतेय.

त्या दिवशीच्या तालमीत आम्ही दोघं उजव्या विंगेतच उभे राहिलो, समोरासमोर हत्ती पकडायचा म्हणून. प्रसंग सुरू झाला. उजेड ओसरायला लागला आणि मला चिमणीचा अभिमान वाटायला लागला. कोपरे गेले, कपाट गेलं. बाईचा चेहरा विझत विझत गेला. दाराखालची फट राहिली. तेवढ्यात मागून कुणीतरी खांद्याला हात लावला आणि माझ्या हातात गरम ग्लास दिला. मी वळून घेतला. साडूंनी वळून घेतला, साखर कमी आहे म्हणून कुरकुर केली, चमचा मागून ढवळली. प्रेक्षागृहात हशा उसळला. आम्ही परत वळलो, तर समोर काळोख.

"अरेरे," साडू म्हणाले. "नेमका आपलं लक्ष नव्हतं तेव्हाच आला. गुन्हेगार आपल्यावर पाळत ठेवून आहे."

दिग्दर्शक तणतणत विंगेत आला, सगळ्यांना बोल बोल बोलला, बोलता बोलता त्याच्याही हातात कुणी ग्लास दिला, तो त्याने पिऊन टाकला आणि उरलेलं बोलला. चिमणी धावत आली तोवर सगळं नेहमीसारखं झालेलं होतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली आणि चहा संपवला. चहा चांगला होता.

घरी जाताना साडूंना चौथा सिद्धांत सुचला. हा त्यांच्या जुन्या खात्यातला होता. उजेड गळतोय. छपराला कुठेतरी भोक आहे आणि त्यातून उजेड ठिबकतो. दुसऱ्या दिवशी ते सकाळीच शिडी लावून छपराखाली चढले, तिथून धूळ, एक जुना बूट आणि दोन पारव्यांची नाराजी घेऊन खाली आले. भोक नव्हतं. त्यांना फार वाईट वाटलं. गळती असती तर एकदम बरं झालं असतं, असं ते दिवसभर म्हणत होते.

मग रंगीत तालीम आली. त्या आधी साडूंनी मला बाजूला घेऊन शेवटचा बेत सांगितला. रंगमंचावर जे कपाट आहे, त्यात ते लपणार. नेपथ्यातलं कपाट, पुढून दारं, मागून मोकळं. हत्ती आला की आतून झडप घालायची. "हे तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही," ते म्हणाले. "बायकोलासुद्धा नाही." मी म्हटलं, बरं. पोरीची नोकरी आता एका कपाटात बसलेल्या साडूवर अवलंबून होती.

मी प्रेक्षागृहात जाऊन बसलो. थोड्या वेळाने शेजारी ताई येऊन बसल्या. साडू मफलर घरी विसरले होते, तो घेऊन आल्या होत्या. ताई चहाला शिवत नाहीत. घरात एक माणूस सतत उकळत असतो तेवढं पुरे, असं म्हणतात. निमंत्रित मंडळींनी प्रेक्षागृह बऱ्यापैकी भरलं होतं. मागे काचेच्या खोलीत चिमणीचं डोकं दिसत होतं, एकदम ताठ.

नाटक सुरू झालं आणि पात्रं बोलायला लागली. बोलली, बोलली, इतकी बोलली की ताईंनी मफलरची गोळे झालेली लोकर निवडून काढली. आणि मग तो प्रसंग आला. बाई एकटी. शब्द थांबले, आणि अख्ख्या प्रेक्षागृहाने मनातल्या मनात हुश्श केलं. उजेड ओसरला. ताईंचे हात मफलरवर थांबले. कोपरे गेले, कपाट गेलं, चेहरा गेला. दाराखाली फट. ताईंनी माझं मनगट धरलं. फटीत दोन डाग.

आणि पांढरा लोट आला. भिंतीवर हत्ती उभा राहिला, अंबारीसकट, सोंडेसकट. सोंड डोलली. लोक हसले. कपाटाची दारं धाडकन उघडली, "सापडलास!" अशी आरोळी झाली, आणि साडू एका हाताने सावलीला मिठी मारायला भिंतीवर जाऊन आदळले. भिंतीचा कागद टरकन फाटला. लोक आणखी हसले.

सगळे दिवे लागले. दिग्दर्शक रंगमंचावर चढला आणि सुरू झाला. साडूंबद्दल थोडं आणि चिमणीबद्दल पुष्कळ. ती मागून खाली येऊन पहिल्या रांगेपाशी उभी राहिली होती. रडत नव्हती. रडली असती तर मला परवडलं असतं. "उद्याच्या प्रयोगाला झगमग बसेल," दिग्दर्शक म्हणाला, "आणि बाईंचं भाषण परत घेतो. प्रकाशाने ताण निर्माण करतात म्हणे. प्रकाशाने फक्त वीज जळते. ताण शब्दांनी येतो."

तेवढ्यात ताई उठल्या. पर्स खांद्याला लावून त्या पायऱ्या चढून थेट रंगमंचावर गेल्या. मला वाटलं मफलर द्यायला. त्या आपल्या नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. साडूंच्या केसांत कागदाचे तुकडे होते आणि चेहऱ्यावर समाधान.

"अहो," ताई म्हणाल्या, "कपाटात तुम्ही लपलाय हे कुणाला माहीत होतं?"

"कुणालाही नाही," साडू अभिमानाने म्हणाले. "परिपूर्ण गुप्तता."

"मग तुमच्या हातात चहा कुठून आला?"

साडूंनी हाताकडे पाहिलं. एका हाताने गुन्हेगारावर झडप घालताना दुसऱ्या हातातला ग्लास त्यांनी थेंबही न सांडता सांभाळला होता. तो अजून वाफाळत होता. साडूंनी ग्लासाकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, पुन्हा ग्लासाकडे पाहिलं. विंगेतून डोकावणाऱ्या झगमगने आपल्या हाताकडे पाहिलं. खलनायकाने आपल्या. दिग्दर्शकालाही पहिल्यांदाच शब्द सापडेना. सगळीकडे शांतता पसरली.

आणि ती शांतता पसरताच उजव्या विंगेतलं लोखंडी दार उघडलं, बाहेरचं उतरतं ऊन सपकन आत आलं, आणि डाव्या भिंतीवर, फाटलेल्या कागदावर, लख्ख दिव्यांतही अंधुक का होईना, हत्ती आला. दारात चहावाला उभा होता. पाठीवर ग्लासांचा मोठा जाळीचा पिंजरा, पुढे धरलेल्या हातात किटली, किटलीची लांब वाकडी तोटी. रिकामे ग्लास न्यायला आला होता.

सगळे आपल्याकडे बघतायत म्हटल्यावर तो बिचकला. "काय झालं?" त्याने विचारलं.

"तू आत्ता आत का आलास?" दिग्दर्शकाचा आवाज चिरकला.

"तुम्हीच सांगितलंय ना, साहेब. बोलणं चालू असताना दार उघडायचं नाही, शांतता झाली की ये. मी दाराला कान लावून उभा असतो. तुमच्या नाटकात शांतता एकदाच होते. तेवढ्यात सगळ्यांना वाटून घेतो. आज कपाटामागे दोन बूट दिसले, त्यांनाही दिला."

मी स्वतः त्या उजेडात साडूंना चमचा शोधून दिला होता. दार उघडलं, ऊन आलं, चहा आला, यातलं काहीही आम्हाला घटना म्हणून दिसलं नव्हतं. जे हत्ती बघत होते त्यांना चहा मिळत नव्हता, आणि जे चहा घेत होते त्यांची पाठ हत्तीकडे होती. चहा न पिणारी एक ताई तेवढी निघाली.

कुणीतरी माफी मागावी अशी माझी अपेक्षा होती. दिग्दर्शक म्हणाला, "हे मला आधी कुणी का नाही सांगितलं?"

"मी पहिल्याच दिवशी सांगितलं," चिमणी म्हणाली. "उजवीकडून उजेड येतोय म्हणून."

"तू उजेडाबद्दल बोलत होतीस. चहाबद्दल बोलली असतीस तर मी लक्ष दिलं असतं."

यावर काय बोलणार, कप्पाळ. पण चिमणीची जागा राहिली आणि प्रसंग गप्प राहिला. चहा बंद करायचा प्रश्न कुणी काढलाच नाही, नाहीतर नाटकच बंद पडलं असतं. ताईंनी एवढंच सांगितलं की उद्या मी या चहावाल्यासोबत दाराबाहेर बसेन आणि त्या वेळी त्याला धरून ठेवेन. मग नाटक तुम्हाला दिसणार नाही, मी म्हटलं. ताई म्हणाल्या, "दिसलं की आत्ता. भीती वाटली. आणखी काय बघायचं असतं?"

दुसऱ्या दिवशी दुपारी पहिला प्रयोग झाला. प्रेक्षागृह गच्च. माझ्या एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला साडू. साडूंच्या मते प्रकरण त्यांनीच सोडवलं होतं, कारण निर्णायक पुरावा अखेरपर्यंत त्यांच्या हातात होता. यात खोट काढायला जागा नाही, म्हणून मी ते मान्य केलं.

प्रसंग आला. उजेड ओसरायला लागला तो कधी लागला हे मला, ठाऊक असूनही, कळलं नाही. मी पुढे झुकलो होतो. हीही झुकली होती. सगळ्या रांगाच झुकल्या होत्या. कोपरे गेले. कपाट गेलं. चेहरा कंदिलाने वात पोटात ओढून घ्यावी तसा गेला. दाराखाली फट. कुणी खोकेना. फटीत पहिला डाग आला, मग दुसरा. आणि थांबले. नुसते थांबले. कुणी काही बोललं नाही, काही वाजलं नाही, आणि साडूंची नखं माझ्या दंडात रुतली. ज्यांच्यासमोर गुन्हेगाराची बोबडी वळते ते कुजबुजत होते, "दार उघडू नको गं बाई, दार उघडू नको." हत्ती आला नाही. ती भीती माझ्या पोरीने हाताने घडवली होती, निव्वळ उजेड काढून घेऊन, आणि काळोखात मला हुंदका आला. मी तो येऊ दिला.

शेवटी पडदा पडल्यावर टाळ्या थांबेनात. आणि मग पडदा पुन्हा वर करून दिग्दर्शक पुढे आला. सगळ्या कलाकारांना मागे रांगेत उभं करून त्याने बोलायला सुरुवात केली. आपली लेखणी, आपली शिस्त, आपला संघर्ष. मग तो म्हणाला, ज्या मूक प्रसंगाने तुम्ही हादरलात, तो मी लिहितानाच काळोखात पाहिला होता. चिमणीचं नाव नाही की उल्लेख नाही. मी उठायला लागलो, हिने मला खाली ओढलं. तो बोलतच राहिला. लोकांना उठता येईना. मागे रांगेत खलनायक कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत होता, कारण हा थांबल्याशिवाय चहा येणार नव्हता.

त्याचं लक्ष नव्हतं. माझंही नव्हतं. मला एवढंच जाणवलं की मी पुढे झुकून बसलोय. मग बघतो, तर रंगमंचाचे कोपरे नाहीत. कपाट नाही. कलाकारांची रांग नाही. दिग्दर्शकाचा चेहरा तेवढा हवेत, ओठ हलतायत. मग तो चेहराही गेला. काळोखात त्याचा आवाज थोडा वेळ एकटाच चालला, अडखळला, आणि थांबला.

शांतता झाली. उजवीकडचं दार उघडलं. दुपार बरीच कलली होती, ऊन लांबवर आत आलं, आणि डाव्या भिंतीवर आजवरचा सगळ्यात मोठा हत्ती चढला, सोंड उचलून. त्याच्या मागोमाग, खांद्याला पर्स लावलेली, दुसरी एक सावली. लोक हसले, मग टाळ्या वाजवायला लागले, आणि वाजवता वाजवता एकेक जण मागे वळून काचेच्या खोलीकडे बघायला लागला.

"परत आला," साडू माझ्या कानात म्हणाले. "म्हणजे खरा सूत्रधार अजून मोकाट आहे." मी मागे बघत होतो. चिमणी दोन्ही हात दांड्यांवर ठेवून उभी होती आणि हसत होती.

"हे कुणी केलं?" काळोखातून दिग्दर्शकाने विचारलं.

नायिकेच्या हातात आज पहिल्यांदा गरम ग्लास पडला होता. तिने एक घोट घेतला आणि सावकाश म्हणाली, "तुम्हीच तर सांगता. नाटकात उजेड म्हणजे ती."